सकाळी चिरलेले बटाटे

बटाट्याच्या शेताला लागून असलेल्या एका जंगलात एक काटेरी साळू आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. शेतातले मोठे बटाटे माणसं पोत्यांत भरून नेत आणि आवळ्याएवढे बारके तसेच मातीत सोडून जात. साळू ते वेचून आणी. त्यामुळे तिच्या घरात खायला नव्हतं असं मुळीच नाही. बिळाच्या कोपऱ्यात बटाट्यांचा ढीग होता आणि तरीही तिची पिल्लं रोज उपाशी झोपत. असं कसं, म्हणता? ऐका तर.

बिळं खणण्यात साळूचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. सशापासून मुंगसापर्यंत सगळे तिलाच बोलावत. दिवसभर खणून ती दिवेलागणीला घरी येई आणि मग बटाटे धुवायला, सोलायला, चिरायला बसे. तुम्ही कधी आवळ्याएवढे बटाटे सोलले आहेत का? सोलून बघा एकदा! सगळं चिरून, चुलीवर चढवून, शिजले का ते स्वतःचाच एक काटा टोचून बघेपर्यंत पिल्लं एकेक करून कलंडलेली असत. उठवावं, तर घास तोंडात धरूनच पुन्हा झोपत. सगळ्यांत धाकटं पिल्लू इतकं रोडावलं होतं, की त्याला स्वतःच्या काट्यांचंच ओझं होई.

मग ती सकाळीच का चिरून ठेवत नव्हती? कारण त्या जंगलात एक रीत होती. चूल पेटल्याशिवाय बटाट्याला हात लावायचा नाही. आधी चिरला की तो शिळा. ही रीत कुणी घातली, कशासाठी घातली, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं! ओढ्याकाठची टिटवी मात्र डोळ्यांत तेल घालून सगळ्यांवर लक्ष ठेवी.

एके दिवशी सकाळी धाकट्याने विचारलं, "आई, आज मी जागा राहिलो तर मला जेवायला मिळेल?" रीत गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत साळूने बटाटे ओढ्यावर नेले. तिथेच धुतले, सोलले, चिरले, टोपलीत भरून घरी ठेवले आणि ती कामाला गेली.

संध्याकाळी येऊन बघते, तर सगळे तुकडे काळेकुट्ट. नेमकी तेव्हाच टिटवी दारात.

"अगं बाई, हे बटाटे आहेत की कोळसे?"

"पिल्लांना लवकर वाढता यावं म्हणून..." साळू पुटपुटली.

"लवकर! आईच्या जातीला कसली गं एवढी घाई? आमच्या आईने आम्हाला कधी शिळं घातलं नाही हो."

पिल्लांनीही ते काळे तुकडे बघून नाकं मुरडली. साळू पुन्हा सोलायला बसली, आणि पिल्लं पुन्हा उपाशी झोपली. टिटवीचंच खरं असावं, असं त्या दिवशी साळूला पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी टोपली धुवायला ओढ्यावर गेली, तर एक कासव फुरंगटून बसलेलं.

"साळूबाई, तुझा पसारा माझ्या दारातून उचल बघू. काल सकाळपासून इथे लोळतोय."

साळूने वाकून पाहिलं. काल चिरताना बटाट्याचे पाच-सहा तुकडे पाण्यात पडून दगडांत अडकले होते. ते अजून पांढरेशुभ्र होते, आत्ता चिरल्यासारखे.

"एकाच वेळी चिरलेले. मग टोपलीतले काळे पडले आणि पाण्यातले पांढरेच कसे?"

"मला काय विचारतेस? मी बटाटे खात नाही," कासव म्हणालं.

साळू तिथेच बसून विचार करू लागली. टोपलीतल्या तुकड्यांना दिवसभर वारा लागत होता. पाण्यातल्यांना लागला नव्हता. एवढंच तर! ती धावत घरी गेली. तिने नव्याने बटाटे सोलून चिरले, मडक्यात ओढ्याचं गार पाणी घेतलं आणि एकही तुकडा वर डोकावणार नाही असे सगळे त्यात बुडवले. वर पळसाचं पान झाकलं आणि मडकं सावलीत ठेवलं.

दिवसभर खणताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुन्हा काळे पडले असले तर? घरी येताच तिने पान उचललं. बटाटे पांढरे होते! तिने पाणी ओतून टाकलं, चूल पेटवली, लसणाच्या पातीवर तुकडे परतले आणि झाकण ठेवलं. पिल्लांची दारातली मारामारी संपते न संपते तोच बटाटे पानांत पडलेसुद्धा. चौघंही टक्क जागी! धाकट्याने तीनदा मागून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच साळूसुद्धा पिल्लांच्या पंगतीत बसून गरम गरम जेवली.

तेवढ्यात टिटवी आलीच. "कधी चिरलेस हे?"

"सकाळी," साळू शांतपणे म्हणाली. "बसा, चार घास खाऊन बघा."

टिटवी कसली बसते! ती तडक उडाली आणि जंगलभर ओरडत सुटली, "ऐका हो ऐका! साळूने रीत मोडली! सकाळीच बटाटे चिरते! मडक्यात पाण्याखाली बुडवते! पानाने झाकून सावलीत ठेवते! आणि अंधार पडायच्या आत पिल्लांना पोटभर जेवू घालून मोकळी होते!"

झाडाझाडाखाली, बिळाबिळात, दिवसभराच्या कामाने थकलेल्या आयांनी ते ऐकलं. त्यांच्या पिल्लांच्याही पोटात कावळे ओरडत होते आणि चुली अजून पेटायच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर पाणी भरायला अकरा मडकी आली.

तात्पर्य : आधी करून ठेवलेली तयारी म्हणजे आळस नव्हे, आणि जी रीत लेकरांना उपाशी झोपवते, ती कितीही जुनी असली तरी मोडायला उद्याची वाट बघू नये.