पायवाटेचं कूळ

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीवरून पाणवठ्याला जाणाऱ्या पायवाटेच्या मनात एकदा आलं, मी इतकी जुनी, पण माझं मूळ कोणालाच कसं ठाऊक नाही? ती रुसली आणि स्वतःला चटईसारखी गुंडाळून माथ्यावर जाऊन बसली. "आधी माझं कूळ सांगा, मगच पसरेन!"

बैल म्हणाला, "आमच्या पणजोबांच्या खुरांनी तू पडलीस." रानडुक्कर म्हणालं, "छट्! आमच्या आजीच्या नाकाने." मुंगळा तर सोळा पिढ्यांची वंशावळच पाठीवर घेऊन आला. पायवाटेने नाक मुरडलं. एक वेळ हत्ती चालला असता, पण मुंगळा?

म्हातारी भुरी शेळी मात्र वैतागली. "चालू द्या तुमचं. मला तहान लागलीय," म्हणत ती काट्याकुट्यांतून खाली उतरली. मागोमाग तिची करडं गेली, मग भांडून घसा कोरडा पडलेले बाकीचेही गेले.

महिन्याभराने पायवाट कंटाळून उलगडत खाली आली, तर तिच्या जागी दुसरीच वाट पसरलेली.

"कोण गं तू? कुठल्या कुळातली?"

"ते विचारायला सवड कुठं मिळाली, बाई?" नवी वाट म्हणाली. "जरा बाजूला सर, म्हशी येतायत."