दोन काठांचा भाव

एकदा एका नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे रुपये चालत. अलीकडे संस्थानचा हाली, पलीकडे इंग्रजी अमलातला कलदार. अलीकडच्या गावात एक वृद्ध राहत असे. दर बाजारच्या दिवशी सहा कलदारांना किती हाली पडले ते तो विचारून घेई आणि चावडीच्या भिंतीवर कोळशाने मांडी. चाळीस वर्षांचे भाव त्या भिंतीवर होते. दुष्काळात काय होता, लढाईच्या साली काय होता, सगळे. त्याचा एक शिष्य होता, चांगला दोन लेकरांचा बाप. त्याला ते सारे भाव मुखोद्गत होते. लोकांनी साल विचारावे, याने भाव सांगावा. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या की त्याला फार बरे वाटे.

पलीकडे एका व्यापाऱ्याचे जिन होते. अलीकडच्या बाया पाणी ओलांडून तिथे कापसाची सरकी काढायला जात. महिन्याला सहा कलदार मजुरी. पण कलदार घरी आणून करायचे काय? गावात चाले तो हाली. म्हणून व्यापाऱ्याचीच पलीकडची पेढी कलदार घेऊन हाली देई. पुढे कुणाला पलीकडच्या दवाखान्यासाठी पुन्हा कलदार लागले, तर त्याचीच अलीकडची पेढी हाली घेऊन कलदार देई. काठ दोन, मालक एक.

कोंडाबाई नावाची एक मजूर बाई एका बाजारच्या दिवशी चावडीवर उभी राहिली. म्हणाली, "पाटील, शेटजी आमच्या सहा कलदाराचे साडेसहा हाली देतात. आन् तेच सहा कलदार आमाला हवे असले, तर साडेसात हाली मोजून घेतात. ही लुबाडणूकच हाय."

बाजारासाठी आलेला व्यापारी तिथेच बसला होता, तो हसला. "साडेसहा आणि साडेसात मिळून चौदा. निम्मे किती? सात. आता भिंत बघा. नाहीतर आपल्या पंडितांना विचारा."

शिष्याने भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. "या बाजारी सहाला सात. शेटजींचा हिशेब चोख आहे."

"मग बाई खोटी," पाटील मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाबाईचे जिनातले काम गेले. तेवढ्यावर थांबले नाही. तिच्या लेकीला बघायला आलेले पाहुणे, ही ती चावडीवर खोटी पडलेली बाई असे कळताच, पाणी न पिता उठून गेले. तेव्हा ती शिष्याच्या दारात आली. रडली नाही. "पंडित, सात मला बी पाठ हाय. फक्त माज्या हातावर कदी पडला न्हाई," एवढे बोलून निघून गेली.

शिष्य धुसफुसत वृद्धाकडे आला. "बाबा, मी काय खोटं बोललो? सात म्हणजे सात. लोक माझ्यावर का चिडतात?"

वृद्धाचा चेहरा लाल झाला होता. तो उठला, कोनाड्यातले गाठोडे काढले आणि त्यातले सहा कलदार त्याच्या हातावर ठेवले. ते त्याने स्वतःच्या तिरडी-कापडासाठी राखून ठेवले होते. "हे घे. पलीकडच्या पेढीवर यांचे हाली कर. अलीकडच्या पेढीवर त्यांचे पुन्हा कलदार कर. दिवस मावळेपर्यंत हेच करायचं. मधे काही विकत घ्यायचं नाही. फुटाणासुद्धा नाही."

"पण कशासाठी?"

"भाव पाठ करायला."

उन्हाळा होता, पाणी गुडघ्याला. शिष्य पलीकडे गेला, सहाचे साडेसहा हाली झाले. अलीकडे आला, त्यांचे पाच कलदार आणि तीन आणे झाले. तो पुन्हा पाण्यात उतरला. तिसऱ्या खेपेला पेढीवरचा मुनीम म्हणाला, "काय पंडित, नदी मोजताय का?" पाचव्या खेपेला निम्मे पैसे गेले होते आणि मुनीम हसेनासा झाला होता. दिवस मावळला तेव्हा दहा फेऱ्या झाल्या होत्या. पाय पांढरे पडलेले, मुठीत एक कलदार आणि जेमतेम सात आणे.

ते त्याने वृद्धापुढे आदळले. "एक वस्तू घेतली नाही, बाबा. कुणाला काही दिलं नाही. तुमच्या सरणाचे पैसे त्या दोन पेढ्यांनी खाल्ले. जाऊन दगड घालावासा वाटतो."

"मग आज तुला भाव आला," वृद्ध म्हणाला. "अरे, सातानं कुणी देत नाही आणि सातानं कुणी घेत नाही. सात उभा आहे नदीच्या मधोमध, जिथं कुणाचं घर नाही. तो तू त्या बाईच्या तोंडावर मारलास. तुझ्याआधी चूक माझी आहे. चाळीस वर्षं मी एकच ओळ मांडत आलो आणि त्या ओळीआड चोराला सावली झाली. हा राग विझू देऊ नकोस. दगडावर वायाही घालवू नकोस. चावडीवर घेऊन जा."

पुढच्या बाजारी शिष्य सर्वांसमोर उभा राहिला. "मागच्या खेपेला मी चुकलो."

"म्हणजे सात नव्हते?" पाटलांनी विचारले.

"सातच होते. पण मला विचारायला हवं होतं, ते कुणाला मिळतात." मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "शेटजी, तुमचं म्हणणं, हिशेब चोख आहे. मग आज जागा बदलू. तुम्ही सहाशे कलदार काढा. मी तुम्हाला साडेसहानं हाली देतो, साडेसातानं परत कलदार देतो. फक्त दहा फेऱ्या. मध्य तर सातच आहे."

व्यापाऱ्याचा हात कमरेच्या पैशाच्या पिशवीकडे गेला आणि तिथेच आवळून राहिला. सारी चावडी त्या हाताकडे पाहत होती.

"काढा की शेटजी," कोंडाबाई म्हणाली. "भिता कशाला?"

पाटील खाकरले. खाली बघत पुटपुटले, "बाई खरी आहे. तिला कामावर घ्या."

"पाटील," कोंडाबाई म्हणाली, "मागल्या बाजारी जेवड्या मोठ्यानं खोटी म्हनला, तेवड्या मोठ्यानं म्हना."

पाटलांना तेवढ्या मोठ्याने म्हणावे लागले.

वृद्धाने कोळसा शिष्याच्या हाती दिला. त्या दिवसापासून भिंतीवर दर बाजारी दोन ओळी पडू लागल्या. कुणी आपल्याला नुसता भाव सांगितला, तर आपणही आधी एवढे विचारावे: हा देतानाचा, की घेतानाचा?