कडेचे दात

फार पूर्वी, गावाकडे येणारं डांबर अर्ध्या वाटेतच संपायचं, तेव्हाची गोष्ट. अंडी विकणाऱ्या अनसूयाबाईंच्या सायकलला नवा टायर होता, मधे गुळगुळीत आणि दोन्ही कडांना रबरी दात.

डांबरावर मधली पट्टीच धावायची. दात सारखे चुळबुळत.

"आम्हाला कधी जमिनीला टेकू देणार?"

"तुम्ही टेकलात तर बाईंना पायडल जड जाईल," पट्टी म्हणाली.

एक दात वैतागून सुटला नि रस्त्यात पडला. त्याच्यामागून शेजारचे दोघेही गेले.

पुढे खडीचं वळण आलं. सायकल कलली, तसे कडेचे दात खडीत रुतले. दात सुटलेल्या मोकळ्या जागेपाशी मात्र चाक सटकलं. अनसूयाबाईंनी पाय टेकून टोपली सावरली.

"थोडक्यात निभावलं," फुटलेलं एक अंडं बाजूला काढत त्या म्हणाल्या.

परतताना पुन्हा डांबर लागलं. दातांची चुळबुळ पुन्हा सुरू झाली, पण जागा सोडायचं नाव कुणी काढेना.