वीतभर

"आवं तात्या, पर असली वाकडी घोंगडी देवाच्या अंगावर घालायची कशी?" धुळ्याने विचारलं.

मायाप्पा तात्या धाग्याला लावायची चिंचोक्याची खळ ढवळत होते.

माणदेशातल्या त्या माळावर घोंगडी विणावी तर तात्यांनीच. धुळा अर्धं आयुष्य त्यांच्या हाताखाली राबलेला. यंदा जत्रेत बिरोबा देवाला घालायची घोंगडी आपल्या हातची असावी, एवढीच त्याची आस होती. जत्रा तोंडावर आली होती.

पण तात्यांनी यंदा भलतंच केलं. माग चालवून पाहायला शहरातले पाहुणे येत. तात्या प्रत्येकाला मागावर बसवत आणि म्हणत, "वीतभर विणा." मागावर लावली होती देवाचीच घोंगडी.

"त्यो मिशीवाला सायब," धुळा म्हणाला, "धागा असा हाणत हुता, जणू साप मारतोय."

तात्या हसले. "घामाघूम झालता बिचारा."

"आन् ती चष्म्यावाली बाई? कडंला नुसती नागमोड!"

"बाईची कड तर सरळ दिसतीया की."

धुळ्याची नजर मागावरच्या त्या कडेवर गेली.

पाहुणे गेले की तो रोज मागावर बसे. त्यांचं वाकडं उसवी आणि तोच धागा पुन्हा सरळ भरी. मिशीवाला आला त्या दिवशी धुळ्याला लगेच बाजाराला जावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पुढची वीत चढली, म्हणून त्याची वीत तेवढी राहिली. तात्यांच्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून आपण हे करतो, असं तो स्वतःला सांगे.

"म्या उसवतुया त्ये कुणी सांगितलं तुमास्नी?" धुळ्याने विचारलं.

"हिकडं ये."

तात्यांनी माग सैल केला. विणलेला भाग दोन्ही हातांनी उचलून उन्हासमोर धरला.

"बघ."

मिशीवाल्याची वीत ओबडधोबड होती, गाठाळ होती. ऊन तिच्या पलीकडेच अडलं होतं.

शेजारची बाईची वीत रेघेसारखी सरळ. तिच्यातून उन्हाचे बारीक बारीक ठिपके आले आणि धुळ्याच्या छातीवर पडले.

उसवलेल्या धाग्याची लव झडते, वीण विरळ पडते आणि ऊब जाते... हे त्याला तात्यांनीच शिकवलं होतं.

धुळ्याने छातीवर हात ठेवला. ठिपके हातावर आले.

"तात्या, जत्रंत थंडी लई असती..."

"असती."

"चुकलं माझं." धुळा म्हणाला. "मग आता देवाच्या घोंगडीला म्या हातच लावायचा न्हाई का?"

तात्यांनी घोंगडी हलकेच खाली सोडली. माग पुन्हा ताणून बांधला आणि खळीपाशी जाऊन बसले.

"उद्या पाहुणे यायचेत. त्यांच्यासंगं बस. तुझी वीत अजून ऱ्हायलीया."