सहा वरवंटे

खूप वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. पण जिभेला हाड तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही, म्हणून गोष्ट काही शिळी झालेली नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका उंच पठाराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाभोवती नजर पोचेल तिथवर ऊस. थंडी पडली की गुऱ्हाळं पेटायची आणि सगळा गूळ राजाच्या कोठारात जायचा. मात्र राजाच्या पणजोबांनी गावाला एक सनद दिली होती. गुऱ्हाळं संपली की गावानं आपलं एक माणूस तराजूत बसवावं आणि पारड्यात जे असेल त्याच्या भारोभार गूळ गावानं ठेवून घ्यावा. याला गूळतुळा म्हणत. एकदा तुळेला बसलेलं माणूस हयात असेपर्यंत बदलायचं नाही, आणि गुऱ्हाळ पेटल्यापासून तुळा होईपर्यंत त्यानं गावाबाहेर मुक्काम करायचा नाही, असे नियम होते.

गावानं काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी गावातली सगळ्यात वजनदार बाई शोधली आणि तिला पारड्यात बसवलं. ती विधवा होती, एकुलत्या एका लेकीची आई होती, आणि तिला एक छानसं नाव होतं. पण अकरा वर्षं ती पारड्यात बसली आणि गाव तिला नुसतं तुळाबाई म्हणायला लागलं.

तुळाबाईच्या घरी घरोघरची ताटं यायची. कुणाचा तूपभात, कुणाचे लाडू, कुणाची पुरणपोळी. ताटं यायची, पण माणसं यायची नाहीत. ताट ठेवणारी उंबऱ्यावरूनच परत जायची आणि रिकामं ताट न्यायला आली की म्हणायची, "संपवलंस ना सगळं? शहाणी गं शहाणी." रस्त्यानं तुळाबाई चालली की लोक हसत बाजूला व्हायचे, "वाट सोडा, आपला गूळ चाललाय." तुळाबाईही हसायची. आत मात्र तिला फार एकटं वाटायचं, आणि लेकीचं लग्न होऊन ती वर पठारावर नांदायला गेल्यापासून तर घर खायला उठायचं.

पठारावर जायची वाट अवघड होती. तिला सात वळणं होती आणि दर वळणाला चढ वाढत जायचा. लेक सणावाराला खाली यायची. पुढं तिची सासू अंथरुणाला खिळली आणि तेही थांबलं.

एका वर्षी तुळा झाली आणि आठवड्याभरात वरून निरोप आला. लेकीचं पोटातलं बाळ गेलं होतं. ती आईला बोलावत होती.

तुळाबाई तशीच निघाली. डोलीवाल्यांनी तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली, म्हणून ती चालत निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर तिच्या छातीत धाप मावेना, गुडघे जागीच अडले. ती दगडावर बसली. वर कुठंतरी तिची लेक रडत होती आणि ही मधल्या वाटेवर बसून होती. ऊन उतरेपर्यंत ती बसून राहिली आणि मग खाली आली.

गावच्या वेशीत बायका म्हणाल्या, "काय तुळाबाई, हवा खायला गेली होतीस वाटतं?" आणि त्या हसल्या. तिनं कुणालाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आलेली ताटं गाईंपुढं ठेवली. स्वतःपुरती एक भाकरी आणि पालेभाजी. पहाटे उठून ती वेशीपर्यंत चालायची. मग ओढ्यापर्यंत, मग पहिल्या वळणापर्यंत. कधी गुडघे इतके ठणकायचे की ती वाटेतच बसून रडायची. पाऊस आला आणि गेला. दसऱ्यानंतर एका सकाळी तिनं सातवं वळण पार केलं आणि ती लेकीच्या दारात उभी राहिली.

लेकीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाळलीस, उतरलीस, असलं ती काही बोलली नाही. ती म्हणाली, "आलीस." आणि आईच्या गळ्यात पडली.

लेकीला पुन्हा दिवस गेले होते. सुइणीनं तिला घाट उतरायला साफ मनाई केली होती. "आई, या खेपेला मला तू हवीस," ती म्हणाली. "कळा सुरू झाल्या की कड्यावरच्या उंबराला लाल लुगडं बांधायला सांगेन. तुला खालून दिसेल."

"दिसलं की निघालेच समज," तुळाबाई म्हणाली. गुऱ्हाळं आजउद्या पेटायची होती, नियम मोडता येत नव्हता, म्हणून ती संध्याकाळच्या आत खाली उतरली. पण त्या दिवसापासून तिची नजर सारखी कड्याकडे जायला लागली.

आता गावाची नजर कुठं होती ते ऐका. इतके महिने तुळाबाई रोज थोडी थोडी उतरत होती, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चरकात पहिला ऊस गेला तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम दिसलं.

"अगं, गाल कुठं ठेवून आलीस?" एक म्हणाली.

"चरकातून काढलेलं चिपाड बरं," दुसरी म्हणाली. तिसरीनं आवाज खाली केला, पण ऐकू जाईल एवढाच. "काहीतरी दुखणं असणार. नाहीतर या वयात नटायचंय कुणासाठी?"

गंमत बघा, वजनदार होती तेव्हा हसणारी तोंडं हीच होती.

तुळाबाई आधी हसली, कारण हसायची सवय होती. मग एकदा तिनं सांगून पाहिलं, की गुडघे फार दुखायचे. तर समोरची म्हणाली, "आमचे काय दुखत नाहीत? म्हणून आम्ही का अशी अवकळा करून घेतली?" त्यानंतर ती दुपारच्या उन्हात पाण्याला जायला लागली, जेव्हा विहिरीवर कुणी नसे. ताटं गाईंपुढं जातात हे कळल्यावर ती यायची बंद झाली होती, उंबऱ्यावरचे दोन शब्दही बंद झाले. घंगाळातल्या पाण्यात ती आपला चेहरा पाहायची. गळ्याची कातडी लोंबत होती, डोळे खोल गेले होते. लोक म्हणतात तशीच ती स्वतःला दिसायला लागली. आपण सात वळणं चढून गेलो, हे तिला त्या पाण्यात दिसत नसे.

तुळेला चार दिवस राहिले होते. चिंचेखाली गावचा म्हातारा मापारी तराजूच्या दांडीला तेल लावत बसला होता. पन्नास वर्षं त्यानंच तुळा केली होती. तुळाबाई खाली मान घालून पुढं चालली तर तो म्हणाला, "बाई, गुडघे कसे आहेत?"

एवढ्या दिवसांत तिच्या गुडघ्यांचं कुणी विचारलं नव्हतं. ती तिथंच पारावर बसली आणि रडली. मग म्हणाली, "मापारीबाबा, खरं सांगा. मी इतकी वाईट दिसते का हो?"

म्हाताऱ्यानं तेलाचा हात पुसला. "माझा तराजू वजन सांगतो बाई. चांगलं का वाईट, ते त्यानं अजून एकदाही सांगितलेलं नाही. ते माणसं सांगतात, आणि ज्याला जे हवं असतं ते बघून सांगतात. त्यांना गूळ हवाय. तुला काय हवंय?"

तुळाबाई डोळे पुसत उठली. तिनं कड्याकडे पाहिलं. उंबर तसाच हिरवा उभा होता.

एवढं ऐकून ती शहाणी झाली, असं मला सांगायला आवडलं असतं. पण रोज घरोघरची टोचणी सोसणाऱ्या माणसाला एका संध्याकाळचा शहाणपणा पुरत नाही. तुळेच्या आदल्या दिवशी पाटलीणबाई तिच्या घरी आल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या आणि घोंगडीवर मांडी घालून बसल्या. त्यांच्याबरोबर जाड कापडाचा एक लांब पट्टा होता. त्याला सहा खिसे शिवलेले, आणि सहा खिशांत सहा घरचे वरवंटे.

"लुगड्याच्या आतून बांध," पाटलीणबाई म्हणाल्या. "कुणाला कळायचं नाही. गावाचं नुकसान व्हायचं नाही आणि तुलाही कुणी काही बोलायचं नाही."

"वहिनी, हे खोटं होईल."

"एक दिवसाचं तर आहे. आणि खरं सांगू? तू जरा भरलेलीच बरी दिसतेस."

तुळाबाईला त्या वरवंट्यांपेक्षा समोर मांडी घालून बसलेल्या माणसाचा मोह पडला. कुणीतरी घरात बसलं होतं. ती हो म्हणाली.

तुळेच्या सकाळी ढोल वाजले. राजाचे कारभारी येऊन बसले. तुळाबाई गर्दीतून आली, पाय ओढत, कमरेत वाकत. पट्टा कातडीत रुतत होता. आणि लोक काय म्हणाले? "आता कशी आमची तुळाबाई दिसतेस." "अंग धरलंस गं." ज्या बायका महिनाभर बोलत नव्हत्या त्या जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. तिला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ती आयुष्यात कधी नव्हती एवढी एकटी झाली. कारण ते सगळं वरवंट्यांसाठी होतं.

ती पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढायला लागल्या. मापारी दांडीकडे पाहत होता. तुळाबाईनं सवयीनं मान वर केली.

कड्यावरच्या उंबराला लाल लुगडं फडफडत होतं.

ती ताडकन उठायला गेली. उठता येईना. कमरेच्या ओझ्यानं तिला पुन्हा खाली ओढलं. गुडघे जागीच अडले, अगदी तिसऱ्या वळणावर अडले होते तसेच. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा त्याच दगडावर येऊन बसलोय, आणि या खेपेला आपल्या पायांनी आलोय.

तिनं लुगड्यात हात घातला, पट्टा सोडला आणि एकेक वरवंटा काढून पारड्यात ठेवला. सगळ्या गावासमोर, राजाच्या कारभाऱ्यांसमोर. पहिला ठेवला तेव्हा ढोल थांबले. सहावा ठेवला तेव्हा कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पाटलीणबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"अगं, हे काय करतेस?" कुणीतरी म्हणालं. "लाज घालवलीस गावाची. आणि दिसतेस कशी ते तरी बघ."

तुळाबाई पारड्यातून उतरली. तिचा आवाज चढला नाही. "बघितलं," ती म्हणाली. "सबंध हिवाळा तेच बघत बसले होते. वरवंटे तुमचे आहेत, ते मोजून घ्या. माझं मी घेऊन चाललेय. गेल्या वर्षी माझ्या लेकीचं बाळ गेलं तेव्हा मला हा घाट चढवला नाही, म्हणून मी ही काया उतरवली. आज ती मला वर न्यायला पुरेल. बाकी ती कशी दिसते, ते तुम्ही बोलत बसा."

आणि ती निघाली. तिला वाट द्यायला लोक बाजूला झाले, या खेपेला न हसता.

कारभारी वरवंट्यांकडे बघत राहिले. गाव हात जोडून उभं होतं. शेवटी ते मापाऱ्याला म्हणाले, "सनद काय म्हणते?"

"पारड्यात जे असेल त्याच्या भारोभार," मापारी म्हणाला.

"मग जोखा."

मापाऱ्यानं चढलेल्या ढेपा उतरवल्या आणि सहा वरवंट्यांच्या भारोभार गूळ जोखून दिला. तो सगळ्या गावात वाटला तेव्हा घराला लिंबाएवढा खडा आला. वर्षभर गाव बिनगोडाचं जेवलं.

तुळाबाई तिसऱ्या वळणावर थांबली नाही. सातव्या वळणावर तिचे पाय कापत होते, पण ती पोचली. लेकीनं पहिला हात पसरला तो तिच्याच हातात पडला. ऊन कलताना बाळ रडलं आणि आजीनं त्याला आपल्या उतरलेल्या, हाडं दिसणाऱ्या हातांवर घेतलं. त्या हातांत काय कमी आहे, ते बाळाला काही कळलं नाही.

दीड महिन्यानं ती खाली आली. घराला कुलूप तसंच होतं, दारात गवत वाढलं होतं. काही बायका तिला पाहून आत गेल्या आणि त्यांतल्या दोघी तिच्याशी पुढं कधीच बोलल्या नाहीत. सगळंच गोड झालं असं नाही. पण संध्याकाळी पाटलीणबाई आल्या. हातात ताट नव्हतं. त्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लेक कशी आहे तुझी?"

"आत या वहिनी," तुळाबाई म्हणाली, "सांगते."

पुढच्या वर्षी ती पुन्हा पारड्यात बसली, होती तेवढीच. गूळ आला तेवढा आला, आणि वजनाबद्दल मापाऱ्याखेरीज कुणी तोंड उघडलं नाही.

तात्पर्य : आपली काया कशासाठी आहे ते आपल्याला ठाऊक असावं, लोकांच्या बोलण्याचं ओझं कमरेला बांधून कुणालाच आपला चढ चढता येत नाही.