शालीत गुंडाळलेला हात

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की माझ्या पणजोबांनीसुद्धा ती त्यांच्या पणजोबांकडून ऐकली. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसा, आणि मध्येच 'पुढे काय झालं' म्हणून कुणी विचारू नका. सांगतोच आहे ना!

एका नदीवर एक बंधारा होता. बंधाऱ्याच्या वर एक गाव, खाली एक गाव. पावसाळा सरला, की बंधाऱ्याचं पहिलं पाणी कुणाच्या शेतात सोडायचं यावरून दोन्ही गावांत मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी तोड काढली. डोकी फोडण्यापेक्षा खेळ खेळा, म्हणाले.

खेळ सोपा होता. नदीच्या वाळवंटात तीन दगडांवर पाण्याने भरलेलं मडकं ठेवायचं. मडक्यापुढे वरच्या गावाचा गडी दांडकं घेऊन उभा राहायचा. खालच्या गावाच्या फेक्याने लांबून चामड्याचा चेंडू फेकायचा. चेंडू तीन. एकाने जरी मडकं पाडलं, तर पहिलं पाणी खालच्या गावाचं. नाही पाडलं, तर वरच्या गावाचं.

वरच्या गावाचा गडी होता केरबा. दंड असे, की दोन हातांत मावायचे नाहीत. खालच्या गावाचे फेके यायचे, केरबा मिशीवर ताव द्यायचा आणि चेंडू नदीपार धाडायचा. मग खालच्या गावाला उरलंसुरलं पाणी मिळायचं आणि तिथला हरभरा घाटे धरायच्या आतच माना टाकायचा.

अशात एका वर्षी हैबती पुढे आला. हा कोण? तर घरं शाकारणारा. त्याची बायको साळू छपरावर बसून कौलं रचायची आणि हैबती खालून एकेक कौल तिच्याकडे फेकायचा. जन्मभर फेकून फेकून त्याचा हात नुसता वीज झाला होता.

त्याने पहिला चेंडू फेकला. केरबाने दांडकं उचललं, तोवर मागे मडक्याच्या खापऱ्या झाल्या होत्या!

काय सांगू, खालच्या गावाने त्या दिवशी काय धिंगाणा घातला! त्या वर्षी हरभरा असा पिकला, की गुरांनीसुद्धा घाटे खाऊन ढेकर दिला. पाटलांनी हैबतीला चावडीवर बोलावलं. त्याच्या उजव्या हाताला कुंकू लावलं, त्यावर भरजरी शाल गुंडाळली आणि सांगितलं, "हैबती, आजपासून हा हात तुझा नाही, गावाचा. या हाताने काडीसुद्धा उचलायची नाही. तुझ्या पोटाचं आम्ही बघतो."

"आणि कौलं?" साळूने विचारलं.

"कौलं फेकायला दुसरे आहेत," पाटील म्हणाले. "खापराला हात लावून सोन्यासारखा हात खरचटला तर?"

गावाला पटलं. गावाचं काय, त्याला एकदा पटलं की पटलं. रोज सकाळी हाताला तेल लावायचं, संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी हाताची दृष्ट काढायची. हैबतीने जेवतानाही हात वापरायचा नाही, साळूने घास भरवायचे. पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

हैबतीला मात्र भारी आवडलं. दर वर्षी तो शाल सोडायचा, मडकं पाडायचा आणि पुन्हा शाल गुंडाळून घ्यायचा. पण पहिल्या चेंडूवर पडणारं मडकं पुढे दुसऱ्या चेंडूवर पडू लागलं, मग तिसऱ्यावर. गावाने जिंकल्याचे ढोल वाजवले आणि तिकडे बघितलंच नाही.

साळूने बघितलं. ती म्हणाली, "अहो, हात आखडतोय तुमचा. चार दिवस माझ्याबरोबर कामाला चला."

"तू छपरावरची," हैबती गुरगुरला, "तुला चेंडूतलं काय कळतं?"

पुढच्याच वर्षी केरबाने त्याचे तिन्ही चेंडू उडवले. तिसरा तर इतका दूर गेला, की तो आणायला कुणी गेलंच नाही.

मग काय? गावाने जसं डोक्यावर घेतलं तसंच दाणकन खाली आपटलं. पहिलं पाणी वरच्या गावाला गेलं, खालचा हरभरा वाळला आणि चार घरं बैलगाडीत भांडीकुंडी भरून गाव सोडून गेली. उरलेले म्हणू लागले, "अजून एक वर्ष असं गेलं, तर आपणही चाललो." हैबती शाल पांघरून कोपऱ्यात बसला. हात खांद्याच्या वर जाईना. आपल्यापायी गाव उठणार, हे त्याच्या मनातून जाईना. तो रडला, हो, चांगला हुंदके देऊन रडला.

साळूने त्याला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता उठा. पावसाच्या आत घरं शाकारायची आहेत, आणि खालून फेकायला मला माणूस नाही."

हैबतीने पहिलं कौल फेकलं, ते अर्ध्यात फुटलं. दुसरं फेकलं, ते साळूच्या कानाजवळून गेलं.

"अहो, मी काय केरबा आहे?" साळू वरून ओरडली. "मला लागेल असं फेकू नका. माझ्या हातात येईल असं फेका!"

हैबती खजील झाला. तरुणपणी त्याला हे येत होतं, शालीत बसून तो विसरला होता. कौल निघताना जोरात निघतं, पण हातात पोचताना त्याचा जोर संपलेला असतो. बोटांच्या टोकांशी धरलं तर ते भरारा जातं. तळव्यात खोल धरलं, तर हात तेवढाच फिरतो आणि कौल मात्र सावकाश जातं. उन्हाळाभर तो फेकत राहिला आणि साळू झेलत राहिली. आखडलेला खांदा हळूहळू मोकळा झाला. जुना वेग काही परत आला नाही. पण कौल किती वेगाने पोचवायचं, हे त्याचा हात आता डोळे मिटूनही सांगू लागला.

पाऊस सरला. खेळाचा दिवस आला. खालच्या गावातून फेकायला कुणी उठेना. हरलो तर गाव आपल्यालाच शिव्या देत उठून जाईल, या भीतीने सगळे खाली माना घालून बसले होते.

हैबती उठला. "मी फेकतो."

"तू?" पाटील म्हणाले. "गेल्या वर्षी काय झालं ते विसरलास?"

"नाही विसरलो, पाटील. म्हणून तर उठलो."

वाळवंटात दोन्ही गावं जमली. हैबतीने पहिला चेंडू अंगातल्या सगळ्या जोराने फेकला. केरबाने तो नदीपार धाडला. वरचं गाव नाचू लागलं. दुसरा चेंडू तसाच, त्याच जोराने. तोही नदीपार! खालच्या गावातल्या एका म्हातारीने तिथेच डोळ्याला पदर लावला. पाटलांनी मान फिरवली. बघत होती ती फक्त साळू.

केरबा हसला. "हैबत्या, शाल कुठाय रे तुझी?"

हैबतीने चेंडूवरची वाळू पुसली. त्याने तिसरा चेंडू तळव्यात खोल धरला. पाय तसाच टाकला, हात तसाच गरकन फिरवला, तोंडातून हुंकारही तसाच काढला. केरबाने दात खाऊन दांडकं फिरवलं, इतकं जोरात, की स्वतःभोवती गिरकी घेऊन तो वाळूत बसला.

चेंडू अजून यायचाच होता!

साळूच्या हातात कौल जावं, तसा तो सावकाश आला आणि मडक्याला टेकला. मडकं डुललं. दोन्ही गावांनी श्वास रोखला. मडकं पुन्हा डुललं आणि तीन दगडांवरून कलंडून वाळूत पडलं. पाणी भळाभळा वाहिलं.

"आयला! मी आधी पोचलो आणि चेंडू मागून आला!" वाळूत बसल्या बसल्या केरबा म्हणाला, आणि आधी तोच खदाखदा हसला. त्याने स्वतःच्या हाताने बंधाऱ्याची खालची मोरी उघडली. सोडून गेलेली चार घरं त्याच महिन्यात परत आली.

आणि पाटील? पाटील धावत आले, हातात तीच भरजरी शाल! "हैबती, आण तो हात."

हैबतीने हात जोडले. "पाटील, तुमच्याच गोठ्यावरची कौलं सरकलीत. उद्या हा हात तिकडे लागणार आहे. तो बांधून कसं चालेल?"

साळूने मात्र शाल घेतली. तिची तिथल्या तिथे गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "कौलांची पाटी आता टोचणार नाही."

त्या गावात अजून रीत आहे म्हणतात: ज्याला फेक्या व्हायचं असेल, त्याने आधी उन्हाळाभर गावाची घरं शाकारायची.

गुण मखरात ठेवला की गंजतो, कामात ठेवला की मुरतो.