शंभर दारांचे भांडार

शालवती नगरीत दृढवर्मा राजाचे राज्य सुखाने चालले होते, त्या काळी बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव वसुधर. त्यांचा पाचशे बैलगाड्यांचा तांडा समुद्रापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत फिरे. एके वर्षी त्यांनी नगराच्या पूर्व वेशीबाहेर शंभर दारांचे एक भांडार बांधले आणि घरात लागणारी प्रत्येक वस्तू एका छपराखाली आणून ठेवली.

त्या नगरीत सुभगा नावाची तेलीण होती. कुंभारआळीच्या तोंडाशी तिचे लहानसे दुकान होते. भांडार उघडले त्या दिवशी ती रागारागानेच बघायला गेली, आणि आत पाऊल टाकताच राग विसरून उभी राहिली. मिठाचे ढीग टेकड्यांसारखे उंच गेले होते. कापडाच्या गठ्ठ्यांमागे माणूस दिसेनासा होई. तेलाच्या रांजणांना तर शिड्या लावलेल्या होत्या. माणसाच्या हातून एवढे उभे राहू शकते याचे तिला नवल वाटले, आणि कुठेतरी भीतीही वाटली.

तिथे तेल तिच्या निम्म्या भावात मिळे. वसुधर कोणाला फसवीत नव्हते. तांडा मोठा म्हणून माल स्वस्त, एवढीच गोष्ट होती. वर्षभरात कुंभारआळीतली दुकाने एकामागून एक बंद पडली. सुभगाचा घाणाही थांबला. शेवटी ती त्याच भांडारात मजुरीने तेल मापायला लागली.

नगरात वाद पेटला. भांडार मोडून टाका, असे काही जण म्हणत. प्रत्येक वेशीवर असेच एक हवे, असे दुसरे म्हणत. पाणवठ्यावर बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. तेव्हा राजाने सर्वांना सभेत बोलावले.

हल्लक नावाचा पाथरवट पहिल्याने उठला. तो म्हणाला, "महाराज, मला चार मुलं आहेत. पूर्वी महिन्यातले दहा दिवस आम्ही अळणी जेवत होतो. आळीतली माणसं चांगली होती, पण त्यांचं मीठ आम्हाला परवडत नव्हतं. आता माझी बायको हात आखडता घेत नाही. हे भांडार बंद करू नका."

सुभगा कठोर शब्द जुळवून आली होती. पण हल्लकाचे ऐकले आणि तिला ते बोलवेनात.

"याचं खरं आहे, महाराज," ती म्हणाली. "मी एवढंच सांगते. आमच्या आळीत तिष्य नावाचा आंधळा बुरूड राहत होता. रोज सकाळी तो अंगाला लावायला माझ्याकडून पळीभर तेल नेई. एखाद्या दिवशी आला नाही, तर मी दुकान तसंच टाकून त्याला बघायला जाई. शेजारचा कुंभार त्याला पाण्यापर्यंत पोचवी. दुकानं मिटली आणि आम्ही सगळे चहूकडे पांगलो. मी भांडारात दिवसाला तीनशे माणसांना तेल मापून देते, पण मला मापं दिसतात, तोंडं दिसत नाहीत. मागल्या महिन्यात सवड मिळाली म्हणून त्याच्याकडे गेले. तो तापात चार दिवस पडून होता आणि आदल्या दिवशी गेला होता. कोणालाच कळलं नव्हतं. दोष कोणाला द्यावा, ते मला समजत नाही."

वसुधर आपल्या आसनावरून उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तिष्य कधी माझ्या भांडारात आला होता का?"

"नाही, स्वामी. वेस लांब पडते. त्याला हात धरून नेणारं कोणी उरलं नव्हतं."

वसुधर राजाकडे वळून म्हणाले, "महाराज, माझ्या भांडारात मिठाची पोती किती, हे मला झोपेतही सांगता येईल. पण तिष्य मला माहीत नव्हता. भांडार मोडलं तर हल्लकाची मुलं अळणी जेवतील. ठेवलं तर आणखी तिष्य जातील. म्हणून उद्यापासून माझे तांडे वेशीबाहेर न थांबता आळ्याआळ्यांत माल उतरवतील. मला जो भाव पडतो, त्यावर फक्त गाड्यांचा नि बैलांचा खर्च घेऊन मी तो दुकानदारांना देईन. त्यांनी वर पोटापुरतं घ्यावं आणि भांडाराच्याच भावात विकावं."

त्यांचा कारभारी पिंगलक कासावीस झाला. "स्वामी, मग आपल्याला काय उरलं? दहा वर्षांत आपला तांडा निम्मा होईल."

"निम्मा तांडा मला पुरेल," वसुधर म्हणाले. "त्या शंभर दारांच्या आत आजारी, अपंग आणि वाटसरू राहू देत."

राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला म्हणून आपल्या जुन्या दुकानाची झाडलोट करणारी सुभगा बाहेर आली. वेशीपासून दिसेल तिथवर गाड्यांची रांग लागली होती आणि एकेक गाडी अरुंद कुंभारआळीत शिरत होती. पुढच्या गाडीबरोबर वसुधर स्वतः चालत होते. तिच्या दारापाशी थांबून त्यांनी तिळाचे पोते खाली उतरवले आणि विचारले, "घाणा कुठे आहे?" भांडार पाहून तिला नवल वाटले होते, पण आता तिच्या अंगावर काटा उभा राहिला. एवढा मोठा माणूस आपल्या हाताने लहान होताना तिने कधी पाहिला नव्हता. तिने नुसते घाण्याकडे बोट दाखवले.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून भगवान शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा दृढवर्मा राजा आज माझा शिष्य आनंद म्हणून जन्मला आहे. हल्लक आणि पिंगलक तुमच्यातच बसले आहेत. सुभगा म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारी ती वृद्ध भिक्षुणी, आणि तिष्य म्हणजे ओसरीवर तापाने पडलेला हा तरुण भिक्षू, ज्याच्याकडे तुम्ही आज सकाळपासून फिरकला नाहीत. सार्थवाह वसुधर मीच होतो. धन देणे सोपे असते, भिक्षूंनो. दुसऱ्याला जागा मिळावी म्हणून आपला मोठेपणा देऊन टाकणे, हीच खरी दानपारमिता, दानाची परिसीमा होय."